मधोमध छेडलेली तार

तंबोरा साधारण मधोमध छेडतात. पहिल्या दिवशी गुरुजींनी माझं बोट धरून तारेवर नेऊन ठेवलं, "इथं. नख लागू देऊ नकोस," एवढंच म्हणाले, आणि मी कारण विचारलं नाही. शिकायला बसलेल्यानं पहिल्याच दिवशी कारणं विचारायची नसतात. शिवाय तारेला दोन टोकं, त्यांच्या मध्ये मध्य. त्यात विचारण्यासारखं काही असेल असं वाटलंही नाही.

पुढे तीच गोष्ट भौतिकशास्त्राच्या बाजूनं समोर आली तेव्हा मात्र मी गोंधळलो. पुस्तकी हिशेबानं तार बरोबर मध्यावर छेडली की तिच्यातले निम्मे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वर, जन्मालाच येत नाहीत. दुसरा नाही, चौथा नाही, सहावा नाही, आठवाही नाही. दुसरा म्हणजे वरचा षड्ज, चौथा त्याच्याही वरचा. म्हणजे ज्या वाद्याचं सगळं काम भरून राहण्याचं, ते आपण नेमकं तिथंच छेडतो जिथं ते अर्धं रिकामं वाजायला हवं. आणि तसं ते वाजत नाही. याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे, पण तिथवर जायला आधी साधी तार काय करते ते पाहावं लागतं.

साध्या तारेशी माझी ओळख प्रयोगशाळेतली. सोनोमीटर नावाची पोकळ लाकडी पेटी, तिच्यावरून ताणलेली तार, तारेच्या टोकाला टांगलेली अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं आणि तारेखाली सरकवता येणाऱ्या दोन घोड्या. घोड्यांच्या मधोमध तारेवर दुमडलेला कागदाचा चिटोरा बसवायचा, ट्यूनिंग फोर्क रबराच्या ठोकळ्यावर आपटायचा आणि त्याचा दांडा पेटीला टेकवायचा. घोड्यांमधलं अंतर जुळलेलं असेल तर तार आपणहून थरथरते आणि चिटोरा उडून पडतो. माझा चिटोरा बहुतेक वेळा पंख्याच्या वाऱ्यानं पडायचा. तरीही माझ्या जर्नलातली वाचनं देखणी आहेत: सेकंदाला २५६ कंपनांच्या फोर्कला ४० सेंटिमीटर, ५१२ ला २०, आणि मधल्या सगळ्यांचा गुणाकार १०,२४० च्या आगेमागे. उत्तर आधी ठाऊक असलं की तार फार आज्ञाधारक वागते.

तो चिटोरा मात्र थट्टेचा विषय नाही. १७०१ च्या सुमारास जोसेफ सोव्हर या फ्रेंच गणितज्ञानं असेच कागदाचे तुकडे तारेवर ठेवून पाहिले होते. तारेला एक तृतीयांशावर हलकेच स्पर्श करून ती वाजवली, तर ती तीन भागांत हलते. भागांच्या सांध्यावरचे तुकडे स्वस्थ बसून राहतात, मधले उडून जातात. सांध्याला निस्पंद म्हणतात. तार हलते आहे, गाते आहे, आणि तिच्यावरचा एक बिंदू जागचा ढळत नाही. हे कागदावर वाचणं वेगळं आणि तुकडा न पडता बसून राहिलेला पाहणं वेगळं. मी तो प्रयोग नंतर घरी केला, पंखा बंद करून.

तारेची लांबी निम्मी केली की स्वर सप्तकानं चढतो हे पायथागोरसच्या नावावर आहे. त्याच्याच नावावर लोहाराच्या हातोड्यांची आणि तारेला टांगलेल्या वजनांची एक कथा आहे, वजन दुप्पट केलं की स्वर सप्तकानं चढतो अशी. ही कथा शतकानुशतकं पुस्तकातून पुस्तकात उतरवली गेली. वजनं खरोखर टांगून पाहण्याचं काम सोळाव्या शतकात व्हिन्चेन्झो गॅलिली या वादकानं केलं, आणि सप्तकाला दुप्पट नव्हे, चौपट वजन लागतं हे दाखवलं. हा गॅलिलिओचा बाप. मुलानं पुढे जे केलं त्याची सवय घरातच लागली असावी असं मला आपलं वाटतं. १६३६ मध्ये मेर्सेन या फ्रेंच पाद्र्यानं हे सगळं नियमात बांधलं: कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि तारेच्या दर मीटर वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. त्यानं तारा इतक्या लांब घेतल्या की त्यांचं हेलकावणं डोळ्यांनी मोजता यावं. त्या तारा अर्थात ऐकू येत नव्हत्या.

या नियमांत माझा तंबोरा बसवून पाहू. षड्ज काळी एक, म्हणजे जोडीच्या (मधल्या, षड्जात लावलेल्या दोन तारांपैकी) तारेची कंपनं सेकंदाला सुमारे १३८.६. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी ९० सेंटिमीटर धरू. एका कंपनात तरंग जाऊन परत येतो, म्हणजे १.८ मीटर चालतो, तेव्हा त्याचा वेग झाला सेकंदाला सुमारे २५० मीटर. ताशी ९०० किलोमीटर. मांडीला टेकलेल्या त्या शांत लाकडावर विमानाच्या वेगानं काहीतरी येरझाऱ्या घालत असतं. पोलादी तार ०.३ मिलिमीटर जाडीची धरली तर तिच्यावरचा ताण येतो साडेतीन किलो वजनाइतका. एक सप्तक खालच्या, खर्जाच्या तारेत वेग निम्मा, म्हणून ती पितळी आणि जाड. ताण फार न घटवता स्वर खाली न्यायचा तर तारेला जडत्व द्यायचं, एवढाच त्यातला हिशेब.

पण येरझाऱ्या कोण घालतं? छेडलेल्या तारेकडे पाहिलं तर मधे फुगलेला, दोन्हीकडे निमुळता धूसर आकार दिसतो आणि वाटतं, तार सगळीच्या सगळी वरखाली होते आहे. मोबाइलवर चित्रण केलं तर तारेवर नागमोडी लाटा दिसतात. त्या तर साफ खोट्या. कॅमेरा सगळं चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं टिपतो, आणि तोवर तार पुढे गेलेली असते. हे चित्रण "पाहा ध्वनिलहरी" म्हणून मलाही कितीदा आलं आहे.

खरं घडतं ते याहून विचित्र आहे. मधोमध ओढलेली तार म्हणजे बुटका त्रिकोण, वर एक कोपरा. बोट सुटताच त्या कोपऱ्याचे दोन होतात आणि दोन दिशांना पळतात. शेंडा छाटल्यासारखा सपाट होतो, सपाट भाग रुंदावत खाली येतो, आणि कोपरा पोचेपर्यंत टोकाजवळची तार जागची हलतही नाही. बोट सुटलं आहे ही बातमीच तिला मिळालेली नसते. बातमी पोचायला लागतात दोन सहस्रांश सेकंदांहूनही कमी. टोकाशी पोचलेला कोपरा उलटा होऊन परततो. दाराच्या कडीला दोरी बांधून झटका दिला तर वर गेलेला उंचवटा खाली होऊन परत येतो, तसंच. दोरी कडीला वर ओढते, कडी दोरीला तेवढ्याच जोरानं खाली ओढते.

या कोपऱ्यानंच अठराव्या शतकात मोठं भांडण लावलं. १७४७ मध्ये दालांबेर या फ्रेंच गणितज्ञानं तारेचं समीकरण मांडलं आणि तिची कुठलीही हालचाल म्हणजे एकमेकांविरुद्ध धावणारे दोन आकार, हे दाखवलं. मात्र ते आकार सलग, गुळगुळीत असले पाहिजेत असा त्याचा आग्रह, कारण कोपऱ्याला त्याचं समीकरण लागू पडेना. ऑयलर म्हणे, वादक तर तार कोपरा करूनच छेडतो, मग गणितानं तो का नाकारावा? १७५३ मध्ये डॅनियल बर्नुली तिसरंच बोलला: तार एक भागात, दोन भागांत, तीन भागांत, अशी सगळ्या प्रकारांनी एकाच वेळी हलते, आणि कुठलाही आकार म्हणजे या गुळगुळीत हेलकाव्यांची बेरीज. हे त्या दोघांनाही पटलं नाही. गोल वळणं कितीही मिळवली तरी टोकदार कोपरा कसा होईल? शंका रास्त होती. पुढे १८०७ मध्ये फूरियेनं, तेही तारेचा नव्हे तर उष्णतेचा विचार करता करता, अशा बेरजांची रीत सांगितली, आणि बर्नुलीचा कान बरोबर होता हे हळूहळू मान्य झालं. कान म्हणतो आहे तो मुद्दाम. एका तारेत अनेक स्वर ऐकू येतात हे वादकांना ठाऊकच होतं, आणि बर्नुलीनं त्या ऐकण्यावर भिस्त ठेवली होती.

आता मध्याकडे परत. कोपऱ्यात सगळे उपस्वर असतात, पण सारख्या वाट्यानं नाही. जितका वरचा उपस्वर तितका त्याचा वाटा झपाट्यानं कमी. शिवाय छेडण्याच्या जागेवर ज्या उपस्वराचा निस्पंद येतो त्याचा वाटा शून्य. झोपाळा त्याच्या कडीपाशी धरून ढकलला तर झोका मिळत नाही, तसं. दोन भागांत, चार भागांत, सहा भागांत हलणाऱ्या तारेचा एक सांधा मधोमध येतो, म्हणून मध्यावर छेडलं की सम उपस्वर गेले. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०० मध्ये हे सांगून ठेवलं. नियम खोटाही नाही. एका मित्राची गिटार मागून घेतली आणि उघडी तार बरोबर बाराव्या फ्रेटवर छेडली. आवाज गोल, पोकळ, बासरीकडे झुकलेला. मोबाइलवरच्या आलेखात एक खांब उंच, पुढचा जवळपास नाही, मग पुन्हा उंच. मग तार छेडून लगेच तिथंच बोट हलकेच टेकवलं. आवाज खलास. हेही बरोबर, कारण मध्यावर सांधा असलेले उपस्वर तारेत नव्हतेच, आणि होते त्या सगळ्यांना बोटानं दाबलं.

तंबोऱ्यावर तेच केलं. फीत लावून मध्य काढला, पेन्सिलीनं दांडीवर खूण केली (गुरुजींना सांगू नये), तिथंच छेडलं आणि तिथंच बोट टेकवलं. मूळ स्वर गेला, आणि वरचा षड्ज स्वच्छ, ठणठणीत गात राहिला. जो तारेत असायलाच नको होता तो.

हा प्रयोग माझा नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा आहे. १९३० चं नोबेल ज्या प्रकाशाच्या विकिरणासाठी मिळालं त्याच्या आधीची त्यांची बरीच वर्षं तारा आणि वाद्यं यांत गेली. अर्थखात्यातली नोकरी १९१७ पर्यंत सांभाळत ते कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये काम करत. १९१८ मध्ये त्यांचा गजानं वाजणाऱ्या तारांवरचा मोठा प्रबंध आला, आणि १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांवरचा लहानसा लेख. त्यांनी लिहिलं ते थोडक्यात असं, की या वाद्यांत यंगचा नियम मोडतो. ज्या जागी छेडलं तिथं निस्पंद असलेले उपस्वरही जोरात वाजतात, आणि खात्री करायची असेल तर छेडलेल्याच जागी बोट टेकवून पाहावं. मला त्या प्रयोगाचं कौतुक वाटतं ते अशासाठी, की त्याला बोटाखेरीज काहीही उपकरण लागत नाही. इतकी पिढ्यान्‌पिढ्या बोटं त्या जागेवरून फिरली असतील, आणि त्यातलं एकही तिथं क्षणभर थांबलं नसेल का?

नियम मोडतो कारण नियमातली तार आणि तंबोऱ्याची तार वेगळ्या आहेत. नियमातल्या तारेची टोकं एकेका बिंदूत घट्ट रोवलेली. तंबोऱ्याची घोडी रुंद, किंचित उतरती, वरून अगदी अलगद फुगवटा दिलेली. तार एका कडेवरून सुटत नाही, त्या फुगवट्यावरून लोळत सुटते. खाली येताना ती घोडीच्या पाठीवर थोडी अधिक टेकते आणि तेवढ्यापुरती आखूड होते. वर जाताना सुटते, लांब होते. सेकंदाला १३८ वेळा हा चिकटण्या-सुटण्याचा खेळ. ही जवारी. प्रत्येक टेकण्यात खालच्या, ठळक हेलकाव्यांतली थोडी शक्ती वरच्या, बारीक हेलकाव्यांत जाते. छेडताना जे उपस्वर दिले नव्हते ते घोडी नंतर घडवते. म्हणून तंबोऱ्याचा स्वर छेडल्या क्षणी पूर्ण नसतो. तो आधी साधा येतो आणि मग उलगडत जातो. गिटारच्या तारेत सगळं ऐश्वर्य पहिल्या क्षणी आणि मग उतरण. इथं उलट, आधी चढण.

मधोमध का छेडायचं याचं उत्तर आता मला सुचतं ते असं: मध्यावर तार सर्वांत सैल, बोटाखाली सर्वांत मऊ, आणि तिथं छेडलं की सुरुवातीला टोचणारे वरचे स्वर कमीत कमी येतात, छेडल्याचा आघात कानाला लागत नाही. वरच्या स्वरांची चिंता करायला घोडी आहेच. गुरुजींना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "मग मी काय सांगितलं होतं?"

पण मला यातली आणखी एक गोष्ट जास्त छळते. पुस्तकातली आदर्श तार, जिची दोन्ही टोकं पूर्ण घट्ट, ती कायम हलत राहील. आणि ती मुकी असेल. ०.३ मिलिमीटरची तार हवेला ढकलू शकत नाही, हवा तिच्या कडेनं सरकून मागे जाते. आपल्याला ऐकू येते ती घोडीखालची तबली, म्हणजे भोपळ्यावरची पातळ लाकडी पाटी, आणि भोपळा, तार जवळजवळ नव्हेच. तारेची थरथर तबलीत उतरायची तर घोडीला हलावं लागतं, अगदी नकळत का होईना, आणि घोडी हलली म्हणजे टोक घट्ट राहिलं नाही. टोक जितकं घट्ट तितका स्वर टिकाऊ आणि दबका, जितकं ढिलं तितका मोठा आणि अल्पायुषी. वाद्य घडवणारा तबली किती पातळ करायची ते ठरवतो तेव्हा तो याचाच सौदा करत असतो. कुठल्याही तारेचा स्वर विरतो तो काही अंशी आपण तो ऐकला म्हणून. बाकीचा हवेच्या आणि धातूच्या घर्षणात जातो, ते वेगळं.

रामन यांना जे समीकरणाबाहेरचं दिसलं ते कारागिराच्या हातात फार आधीपासून होतं. घोडीचा फुगवटा तो कानसेनं घासून, तार लावून, ऐकून, पुन्हा घासून आणतो. शेवटचं काम दोऱ्याचं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक धागा सरकवायचा आणि मागेपुढे करत राहायचं. तार बद्द वाजते, बद्द वाजते, आणि मग केसभर सरकल्यावर एकदम उघडते. सरकणं मिलिमीटरच्या अंशाचं, फरक खोलीभर. जे इतरत्र जीव लावून टाळतात, तार कशाला तरी लागून झणझणणं, ते इथं मोजूनमापून साधतात. सतारीच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. व्हायोलिनच्या माणसाला सांगितलं तर तो दुरुस्ती सुचवतो.

उघडलेल्या जवारीचा एक तोटा आहे, ती काही लपू देत नाही. जोडीच्या दोन तारांत अर्ध्या कंपनाचा फरक राहिला तर मूळ स्वरात दोन सेकंदांनी एक हेलकावा येतो, तो कोणाच्या लक्षात येणार? पण आठव्या उपस्वरात तोच फरक आठपट, सेकंदाला चार हेलकावे, आणि जवारीनं आठवा उपस्वर कानाशी आणून ठेवलेला. घोडीखालचा मणी मग रेसभर हलवत बसावं लागतं. जुळलं की वर गंधार दिसू लागतो, जो कुठल्याच तारेला लावलेला नसतो. खर्जाची कंपनं ६९.३, त्याची पाचपट ३४६.५, तो हा स्वयंभू गंधार. समान अंतरांनी लावलेल्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, तोच गंधार ३४९.२. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला पावणेतीन वेळा भांडतात. मी पेटीवर वाढलेला, म्हणून पहिली दोन वर्षं तंबोऱ्याचाच गंधार मला उतरलेला वाटायचा.

आणि जुळलेलं टिकत नाही. हवा १० अंशांनी तापली की पोलाद वाढतं, लाकूड लांबीकडून फारसं वाढत नाही, तार सैलावते. वरच्या आकड्यांनी हिशेब केला तर जोडीची तार पाव अर्धस्वराहून जास्त उतरते. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, शिवाय खर्जाची तार मुळात कमी ताणलेली, त्यामुळे तिचं उतरणं याच्या तिप्पट. हा हिशेब मी एका दुपारी वहीच्या मागच्या पानावर केला आणि फार खूश होऊन गुरुजींना दाखवायला नेला. त्यांनी वही घेतली, पान पाहिलं, तंबोऱ्याकडे मान वळवली.

"खर्ज उतरलाय," म्हणाले.